घोडा का अडवला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर आपण सगळ्यांनी लहानपणी कोड्यात ऐकले आहे: न फिरवल्यामुळे. आज मी ज्या घोड्यांविषयी बोलणार आहे त्यांची गोष्ट उलटी आहे. ते फार फिरवल्यामुळे अडतात. आणि त्यांच्यातले पुष्कळसे अडतही नाहीत. मालकाने टाच मारली की ते धावत राहतात, अगदी जीव जाईपर्यंत. अशा घोड्याला कोणीतरी दुसऱ्याने अडवावे लागते. ते कोणी अडवायचे, केव्हा आणि कशाच्या आधारावर, एवढाच आजचा विषय आहे.

वसई-विरारच्या माणसाला घोडा अनोळखी नाही. माझ्या लहानपणी स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. गाडी आली की टांगेवाल्यांची एकच झुंबड उडे आणि घोडे मात्र तोबऱ्यात तोंड खुपसून शांतपणे चंदी खात असत. टांगे गेले, रिक्षा आल्या. आता घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, नाही तर रविवारी अर्नाळा, कळंब, राजोडीच्या किनाऱ्यावर मुलांना रपेट घडवताना. मी पशुवैद्य म्हणून या पट्ट्यात बरीच वर्षे काम केले. त्यामुळे घोडा धावताना पाहिला की लोकांची नजर त्याच्या आयाळीकडे जाते आणि माझी त्याच्या कुशीकडे. कूस किती वेगाने हलते आहे, हे मी आधी पाहतो. ही सवय मला कशी लागली ते पुढे सांगेन.

घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की आपल्याला महालक्ष्मीचे रेसकोर्स आठवते. तिथली शर्यत दोन-अडीच मिनिटांत आटोपते. पण घोडेस्वारीचा आणखी एक प्रकार आहे, त्याला एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात. आपण त्याला लांब पल्ल्याची घोडदौड म्हणू. यात एका दिवसात एकाच घोड्यावरून १००, १२० किंवा १६० किलोमीटर अंतर काटायचे असते. १६० किलोमीटर म्हणजे किती? वसई रोडहून रुळांच्या कडेकडेने डहाणूला जा आणि परत या, तरी तेवढे भरत नाहीत.

या खेळाचा आजचा अवतार अमेरिकेतला. १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या वेंडेल रॉबी नावाच्या गृहस्थांनी चार सोबत्यांसह सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून १०० मैलांची दौड एका दिवसात पुरी केली. तीच पुढे टेव्हिस कप म्हणून नावारूपाला आली. २४ तासांत जो पोहोचेल त्याला पट्ट्याचे चांदीचे बक्कल मिळते. पहिल्या आलेल्यालाही तेच बक्कल आणि तेविसाव्या तासाला पोहोचलेल्यालाही तेच. शिवाय पहिल्या दहांतला जो घोडा दुसऱ्या दिवशी सर्वांत ठणठणीत ठरतो, त्याला हॅगिन कप नावाचे वेगळे पारितोषिक आहे. १९७२ साली तिथे या खेळाची राष्ट्रीय संघटना झाली. ‘पुरे करणे म्हणजेच जिंकणे’ असे तिचे ब्रीद आहे. टेव्हिस कपला निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात. बाकीच्यांना वाटेत थांबवले जाते, आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही.

हे थांबवणे कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. सगळी वाट जास्तीत जास्त ४० किलोमीटरच्या टप्प्यांत विभागलेली असते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तपासणी असते, तिला व्हेट गेट म्हणतात. आपण तिला नाका म्हणू या. पूर्वी जकातीचा नाका असे तसा. फरक इतकाच की इथे मालाऐवजी घोडा तपासतात आणि नाकेदाराच्या जागी पशुवैद्य असतो.

स्वार नाक्यावर आला की खाली उतरतो, जीन काढतो, घोड्यावर पाणी ओततो. घोड्याची नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत उतरली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शांत उभ्या असलेल्या घोड्याची नाडी ३० ते ४० असते आणि भरधाव धावताना ती दोनशेच्या वर जाते. तेव्हा ६४ हा आकडा म्हणजे ‘दमलो आहे, पण सावरतो आहे’ असे घोड्याने दिलेले उत्तर समजा. यासाठी २० मिनिटांची मुदत होती. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२० साली ती वाटेतल्या नाक्यांवर १५ मिनिटांवर आणली. पहिल्यांदा नाडी जास्त भरली तर मुदत संपण्यापूर्वी आणखी एक संधी मिळते. शेवटच्या तपासणीत मात्र एकच.

आता यातली खरी खुबी ऐका. नाक्यावर पोहोचल्यावर घड्याळ थांबत नाही. घोडा तपासणीला उभा राहून नाडीत पास होईपर्यंतचा वेळ दौडीतच धरला जातो. मग सक्तीची विश्रांती सुरू होते, साधारण ४० मिनिटांची. समजा, एकाने शेवटचे दोन किलोमीटर घोडा पिटाळत आणला. त्याने चार मिनिटे वाचवली, पण घोड्याची नाडी उतरायला बारा मिनिटे लागली. दुसरा शेवटचे अंतर सावकाश आला, पायउतार होऊन घोड्याबरोबर चालला, आणि त्याचा घोडा दोन मिनिटांत पास झाला. दुसरा स्वार पहिल्याच्या आधी नाक्यातून बाहेर पडतो. घोड्याला जपा, असा उपदेश नियमाने कोणाला केलेला नाही. न जपणाऱ्याचा वेळ जाईल, एवढी व्यवस्था मात्र केली आहे. माणसाच्या स्वभावाची माहिती असलेल्या कोणीतरी हा नियम केला असणार.

नाडी झाली की बाकीची तपासणी. पशुवैद्य ओठ वर करून हिरड्या पाहतो. त्या गुलाबी आणि ओलसर हव्यात. बोटाने हिरडी दाबली की पांढरी पडते, ती दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातले पाणी आटले आहे. मग पोटाला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. घोड्याच्या पोटात सदैव गुडगुड चालू असते. ती थांबली तर समजावे की रक्त सगळे स्नायूंकडे आणि कातडीकडे धावले आहे आणि आतडी उपाशी आहेत. पाठ दाबून पाहतात, तंगाखाली कातडी सोलवटली आहे का ते पाहतात.

शेवटी घोड्याला सैल लगामावर दुडकी चालीने सरळ ४० मीटर नेतात आणि परत आणतात. यात लंगडणे दिसते. घोडा पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो. कोणत्या बाजूला दुखते आहे हे त्यावरून कळते. शंका आली तर तीन पशुवैद्य गुप्त मतदान करतात आणि बहुमताने निर्णय होतो. त्यावर अपील नाही. याच चालीला जोडून केरी रिजवे या पशुवैद्यांनी सुचवलेली आणखी एक चाचणी करतात. दुडकीपूर्वी नाडी मोजायची, ८० मीटर दुडकी झाली की दुडकी सुरू झाल्यापासून मिनिट पुरे होताच पुन्हा मोजायची. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा खाली आला तर घोडा ताजा आहे. बराच वर गेला तर वरून धडधाकट दिसणारा घोडा आतून थकला आहे.

यांतल्या कशातही घोडा नापास झाला की तो बाद. पहिल्या क्रमांकाने रेषा ओलांडणारा घोडाही अखेरच्या तपासणीत लंगडला तर बाद होतो आणि मागचा विजयी ठरतो. बाद होण्याचे कारण नोंदवले जाते: चाल, शरीराचा तोल, दुखापत की वेळ. त्यानुसार त्या घोड्याला सक्तीची रजा मिळते. दौड नीट पुरी केलेल्या घोड्यालाही अंतराप्रमाणे रजा असते. आजारी होऊन बाद झालेल्याची रजा आणखी वाढते.

इतकी खबरदारी कशासाठी, असे कोणी विचारील. त्यासाठी घोड्याच्या शरीराची थोडी ओळख करून घ्यायला हवी. स्नायू काम करतात तेव्हा त्यांना मिळालेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा धावण्यात जाते. उरलेली पाऊण उष्णता होते. चारशे किलोचा प्राणी तासन्तास धावत असेल तर ही उष्णता बाहेर टाकणे हेच त्याचे मोठे काम होऊन बसते. ते तो घामाने करतो. कडक उन्हात धावणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. म्हणजे जवळजवळ एक बादली.

आपला घाम बराचसा पाणीदार असतो. शरीर मीठ राखून ठेवते आणि पाणी सोडते. त्यामुळे रक्त दाट होते, मेंदूला खबर जाते आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतका, किंबहुना त्याहूनही खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून जाते. रक्ताचा खारटपणा वाढतच नाही, म्हणून तहानेची घंटा वाजत नाही. चार बादल्या पाणी गमावलेला घोडा समोर पाणी असूनही तोंड फिरवतो. मालक म्हणतो, ‘पीत नाही, म्हणजे त्याला नको असेल.’ इथेच फसगत होते. क्षार फार कमी झाले की छातीच्या पडद्याच्या मज्जातंतू बिघडतात आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर घोड्याची कूस उडू लागते. स्नायू गाठीसारखे कडक होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. या अवस्थेला पोहोचलेला घोडा वाचवणे फार कठीण.

आणि हे झाले कोरड्या हवेतले. घाम वाळला तरच अंग गार होते. वसईच्या हवेत घाम वाळत कुठे? मे महिन्यात आपला शर्ट पाठीला चिकटतो तो दिवसभर सुटत नाही. घोड्याचा घाम तसाच अंगावरून निथळून जमिनीवर पडतो. पाणी गेले, मीठ गेले आणि गारवा काहीच मिळाला नाही. म्हणून घोड्याच्या बाबतीत नुसता उन्हाचा पारा पाहून भागत नाही. हवेतला दमटपणाही त्यात धरावा लागतो. पारा ३२ वर असताना किनाऱ्यावरचा घोडा मराठवाड्यातल्या ४० अंशांतल्या घोड्याइतकाच संकटात असू शकतो.

आता मघाशी राहिलेली गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकाचा शेवट असेल. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, तो झाला २०१४ साली. आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो. किनाऱ्यावरच्या एका गावात जत्रेनिमित्त घोडागाड्यांची शर्यत होती. मी नोकरीत नवा होतो. सकाळी सात वाजता सुरूच्या झाडांखाली उभे राहून मी नऊ घोडे तपासले. त्यांत एक कुमैत घोडी होती. अंगाने भरलेली, डोळे तेजदार, खूर नुकतेच नाल ठोकलेले. मी तिची नाडी पाहिली, पाय पाहिले आणि ‘धावण्यास योग्य’ असे लिहून सही केली. त्या कागदात एक अक्षर खोटे नव्हते.

शर्यत ओहोटीच्या वाळूवर व्हायची, म्हणून ती दुपारी तीनला ठेवली होती. पाहुण्यांना यायला उशीर झाला, ती साडेतीनला सुरू झाली. सकाळपासून घोडी उन्हात उभी. पहिली फेरी, मग उपांत्य फेरी, मग अंतिम. तीन वेळा ती धावली आणि दुसरी आली. मालकाच्या गळ्यात हार पडले. त्याच्या हातात चाबूक नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तो निर्दय माणूस नव्हता. घरात भात कमी पडला तरी घोडीचे हरभरे कमी पडू देत नसे.

दिवेलागणीला त्याचा मुलगा मला शोधत आला. घोडी मान खाली घालून उभी होती. घाम थांबला होता, अंग तापले होते. मी कुशीवर हात ठेवला तर हृदयाचे ठोके कुशीत लागत होते. जमलेल्यांपैकी जाणती माणसे सांगत होती की गरम घोड्यावर गार पाणी ओतू नये आणि त्याला पाजूही नये, स्नायू आखडतात. मलाही तेव्हा तेच शिकवलेले होते. मी सलाइनच्या बाटल्या चढवल्या, माझ्यापाशी होत्या तेवढ्या. चारशे किलोच्या जनावराला त्या किती पुरणार? पहाटे घोडी गेली.

सकाळी मालकाने खिशातून माझा कागद काढला. तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते. तो म्हणाला, ‘डॉक्टर, तुम्हीच तर ती चांगली आहे म्हणून लिहून दिलं होतं ना?’ मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा दिलेच नसेल.

त्या कागदाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. सकाळी सातचे सत्य दुपारी चारला सत्य राहत नाही, एवढी साधी गोष्ट आम्ही कोणी ध्यानात घेतली नव्हती. पहिल्या फेरीनंतर कोणी तिची नाडी मोजली असती तर दुसऱ्या फेरीला तिला गाडीला जुंपलेच नसते. माणसे प्रेमळ होती, कागद खरा होता आणि मध्ये नाका नव्हता. लांब पल्ल्याच्या घोडदौडीचे नियम पुढे वाचनात आले तेव्हा माझे पहिले लक्ष गेले ते या नाक्यांकडे.

गार पाण्याविषयीची समजूतही पुढे खोटी ठरली. १९९६ चे ऑलिंपिक अटलांटाच्या दमट उन्हाळ्यात व्हायचे होते, म्हणून त्याआधी शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ प्रयोग केले. तापलेल्या घोड्याच्या सर्वांगावर गार पाणी पुन्हा पुन्हा ओतणे हाच उत्तम उपाय आहे आणि त्याने स्नायूंना अपाय होत नाही, असे दिसून आले. त्या स्पर्धेत पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लावले होते. तापलेल्या घोड्याला पाणीही पिऊ द्यावे. ही माहिती मला त्या रात्री असती तर, असे आजही मनात येते.

नियम केले म्हणजे सगळे आलबेल झाले असे मात्र नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ट्रायॉन येथे या खेळाची जागतिक स्पर्धा होती. पाऊस पडून गेलेला, वर ऊन, हवा आपल्या ऑक्टोबरसारखी. ९५ घोडे सुटले. त्यांतल्या ५३ घोड्यांना उपचार द्यावे लागले आणि स्पर्धा मध्येच रद्द करावी लागली. एक घोडा पुढे मरण पावला. पैसा आला तशी लबाडीही आली. आखातातल्या सपाट वाळवंटी मार्गांवर वेग इतका वाढला की घोड्यांची हाडे मोडू लागली. २०१५ साली महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला काही महिने निलंबित केले आणि २०२० साली पुन्हा तीच वेळ आली. दुखरा पाय औषधाने बधिर करून दुडकीची चाचणी पार करण्याचे प्रकार झाले, म्हणून आता पायाची संवेदना तपासण्याची व्यवस्थाही करावी लागली आहे.

असे का होते, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. भीमेच्या काठची भीमथडी घोडी अंगाने लहान, पण पल्ल्याला चिवट. मराठ्यांच्या फौजांनी मुलूख पालथा घातला तो अशाच घोड्यांवर. त्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला तर शिलेदाराची रोजीरोटी जाई, म्हणून तो घोड्याला जपे, कधी कधी लढाईत नको तेवढा जपे. बारगिराला ती धास्ती नसे. मग सरकारी घोड्याची काळजी वाहायला वरून हुकूम लागत. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आताच मनास येईल तशी उधळली आणि पावसाळ्यात घोडी उपाशी मेली, तर ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यांनी त्यात स्पष्ट ताकीद दिली आहे.

आजच्या मोठ्या तबेल्यांत घोडा एकाचा, स्वार दुसरा आणि शिकवणारा तिसरा असतो. स्वार बारगीर झाला आहे. आणि माझ्या गोष्टीतला मालक तर शिलेदार होता, तरीही घोडी गेली. म्हणजे नुसत्या मालकीवर विसंबता येत नाही आणि नुसत्या मायेवरही येत नाही. ज्याला पुढे जाण्यात लाभ आहे, त्याच्या हाती थांबवण्याचा निर्णय ठेवू नये. तो तिऱ्हाइताच्या हाती असावा, तोही आकड्यांवर बांधलेला असावा, आणि वाटेत ठिकठिकाणी घेतला जावा. लांब पल्ल्याच्या घोडदौडीने जगाला दिलेला धडा मला तरी एवढाच दिसतो.

आपल्याकडे काय आहे? ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. नियम चांगले आहेत, पण मघाशी सांगितले तसे, दमटपणाचा त्यात हिशेब नाही. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. त्याखालच्या नियमांत धावपट्टी जास्तीत जास्त १००० मीटर, चाबूक-काठी नाही आणि शर्यतीपूर्वी पशुवैद्याचा दाखला, अशा अटी आहेत. त्या योग्यच आहेत. पण हे नियम बैलांसाठी आहेत, आणि शर्यतीपूर्वीचा दाखला म्हटले की मला तो सुरूच्या झाडांखालचा कागद आठवतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये नाडी मोजणारा माणूस असावा, असे मला फार वाटते. त्याला स्टेथोस्कोप, घड्याळ आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, एवढेच लागते.

हे परदेशातच जमते असे समजू नका. केरळच्या निदा अंजुम चेलाट हिने २०२३ साली फ्रान्समध्ये तरुणांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटरची दौड पुरी केली. असे करणारी ती पहिली भारतीय. पुढच्या वर्षी तिने मोठ्यांच्या स्पर्धेतले १६० किलोमीटरही पुरे केले. प्रत्येक नाक्यावर तिचा घोडा तपासला गेला आणि प्रत्येक वेळी तो पास झाला. यातले कौतुक तिच्या वेगाइतकेच, वाटेत ठिकठिकाणी तिने राखलेल्या संयमाचे आहे.

आपण बहुतेक जण काही अशा दौडीला जाणार नाही. पण वरातीला घोडा आणतो, किनाऱ्यावर मुलाला घोड्यावर बसवतो. तेव्हा पैसे देणारे आपण असतो, आणि क्षणभर का होईना, आपण त्या घोड्याचा नाका होऊ शकतो. घोडा लंगडतो आहे का? चालताना मान वर-खाली उडते आहे का? उभा असताना कूस भात्यासारखी हलते आहे का? जीनाखाली जखम आहे का? तोंडाला ओलावा आहे की ते कोरडे पडले आहे? हे पाहायला डॉक्टर लागत नाही. यांतले एक जरी दिसले तर मुलाला बसवू नका. घोडेवाल्याशी भांडू नका, त्याचेही पोट त्यावर आहे. ‘दादा, याला जरा सावलीत घ्या, पाणी पाजा, अंगावर ओता, मग बघू,’ एवढे म्हणा. शक्य असेल तर रपेट न करताही पैसे द्या. वरातीतला घोडा दोन तास ढोल-ताशापुढे उभा असेल तर यजमानाला सांगा की नवरदेवाला शेवटचे अंतर चालत जाऊ दे. नवरदेवाचे पाय दुखणार नाहीत.

माझ्या गोष्टीतला तो मालक पुढे अनेक वर्षे मला बाजारात भेटत असे. त्याने पुन्हा घोडी घेतली, पण शर्यतीला नेली नाही. एकदा दुपारी रस्त्याच्या कडेला तो गाडी सोडून उभा दिसला. घोडी आंब्याच्या सावलीत, पुढ्यात पाण्याची बादली. गाडीतली गिऱ्हाइके चुळबुळत होती. मी थांबून विचारले, ‘काय झालं, घोडी अडली का?’

तो म्हणाला, ‘नाही डॉक्टर, मीच अडवली.’